रात्रपाळी

"दादा, सलाईन संपत आली की हे चाक फिरवून बंद करा. मी येतेच." एवढं बोलून सिस्टर पुढच्या खाटेकडे पळाली.

वॉर्डात तीसेक पेशंट. रात्रपाळीला ती आणि एक शिकाऊ मुलगी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार साध्या रुग्णालयातसुद्धा पाच पेशंटमागे एक नर्स हवी.

पहाटे तिच्या टेबलावर चार्टांच्या गठ्ठ्याशेजारी एक वही उघडी दिसली. जर्मन क्रियापदं, खाली देवनागरीत उच्चार. "जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा आहे. इथं सोळा हजारांत किती वर्षं काढणार?"

काय उत्तर देणार? लहान खासगी रुग्णालयांतही नर्सला किमान 20 हजार द्या, असं सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या समितीने 2016 मध्येच सुचवलं होतं. मुली शिकून बाहेर पडतायत, पण टिकतील कशा? त्यात 2030 मध्येही जगात 41 लाख नर्स कमी असतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे बाहेरून बोलावणी येतच राहणार. तिने जावं, खुशाल जावं. तिचा हक्कच आहे तो.

पण तिची जागा कायमची भरणार, की पुन्हा अकरा महिन्यांचं कंत्राट?