तिच्या खोलीत माझा फोन वाजला

१३ फेब्रुवारी २०२४, मंगळवार. नौपाडा, ठाणे. रात्री साडेनऊ.

आज माघी गणेश जयंती. गल्लीतल्या मंडळाचा ताशा अजून चालू आहे. दुपारी तिळाचे मोदक केले, नैवेद्य दाखवला, शेजारी वाटीभर देऊन आले. सगळं केलं, पण दिवसभर मन तिथेच होतं.

वर्ष झालं. तारखेने पाहिलं तर आज आणि आमच्या घड्याळाने पाहिलं तर उद्या सकाळी. साडेदहा तासांचा फरक. माझी मुलगी मनू शिकते त्या अमेरिकेतल्या ईस्ट लॅन्सिंगला सोमवारची रात्र होती, तेव्हा इथे मंगळवार उजाडला होता आणि मी दूध तापत ठेवलं होतं.

मनूचा मेसेज सात वाजून सहा मिनिटांनी आला होता. 'आई, कॅम्पसमध्ये गोळीबार झालाय. मी लॅबमध्ये आहे, ठीक आहे. फोन करू नकोस.' हा मेसेज मी पाहिलाच नाही. त्याआधीच डोंबिवलीहून तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. त्या नुसतं 'टीव्ही लावा, टीव्ही लावा' म्हणत होत्या. तो ठेवला आणि मी थेट मनूला लावला. दोनदा वाजला आणि तिने कापला. मी परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि तिचा मेसेज वाचून दाखवला. गॅसवर दूध ओतू जाऊन करपल्याचा वास घरभर पसरला होता, तो कुणालाच आला नाही.

पुढची चाळीस मिनिटं काहीच आलं नाही. तिने फोन कापला याचा अर्थ ती आहे, एवढंच धरून मी बसले होते.

मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत त्या रात्री काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. बर्की हॉल नावाच्या इमारतीत साडेआठच्या आधी गोळ्या चालल्या, मग जवळच्याच युनियन इमारतीत. तीन विद्यार्थी गेले, पाच गंभीर जखमी झाले. मारणारा ४३ वर्षांचा, विद्यापीठाशी त्याचा काही संबंध नव्हता. मुलांच्या मोबाइलवर विद्यापीठाचा इशारा बारा-तेरा मिनिटांत आला: पळा, लपा, नाइलाज झाला तर लढा. हजारो मुलं तीन-चार तास अंधारात बसून होती. तिकडे मध्यरात्र उलटल्यावर पोलिसांनी सांगितलं, की संशयिताने स्वतःला गोळी मारून घेतली आहे. आमच्याकडे तेव्हा ऑफिसं सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी तिथल्या रुग्णालयाचे डॉक्टर पत्रकारांशी बोलता बोलता रडले, ते पाहून मला पहिल्यांदा रडू फुटलं. तोवर मी रडलेच नव्हते.

शनिवारी महाशिवरात्र होती. मी पहाटेच कौपिनेश्वराला गेले, रांगेत उभी राहिले. सोमवारी मनूच्या विद्यापीठात वर्ग परत सुरू झाले. 'आई, मी जाते' एवढंच ती म्हणाली आणि गेली.

खरं काय झालं होतं ते मला दहा महिन्यांनी कळलं. डिसेंबरात ती घरी आली होती. आम्ही दोघी खाली बसून मटार सोलत होतो. तिने शेंगेवर अंगठा दाबला, दाणे ताटलीत पाडले आणि मान वर न करता म्हणाली, "आई, त्या दिवशी तुझा फोन वाजला होता."

मी म्हटलं, "सायलेंटवर नव्हता?"

"होता. पण तुझा वाजतो ना."

ते माझंच करणं. जानेवारीत ह्यांची ॲन्जिओप्लास्टी झाली, तेव्हा मीच तिला बजावलं होतं, की रात्री-अपरात्री माझा फोन आला तर वाजलाच पाहिजे. तिने तशी सोय करून ठेवली होती. सगळे आवाज बंद, फक्त आईचा चालू. लॅबमध्ये सहा जण होते. दिवे घालवलेले, दाराला आतून कडी नाही, म्हणून दोन टेबलं दाराला लावलेली. बाहेर कोण आहे, कुठे आहे, कुणालाच माहीत नव्हतं. त्या शांततेत माझा फोन मोठ्याने वाजला. दोनदा. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा शेजारच्या मुलाने अंगातलं जाकीट काढून तिच्या हातावर दाबून धरलं. फोन बंद करायला तिची बोटं चालत नव्हती, असं ती म्हणाली.

मी शेंगा सोलतच राहिले. काय बोलणार? तीच म्हणाली, "तुला सांगायचं नव्हतं गं मला."

त्यानंतर मी रात्री जागून वाचत बसायची. १६ एप्रिल २००७ला अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना मारलं. त्यात आपल्या मुंबईची एक मुलगी होती, तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते. पोलीस तिथल्या नॉरिस हॉल या इमारतीतून मृतदेह बाहेर काढत होते, तेव्हा त्यांच्या खिशांतले फोन वाजत होते. हे वाचलं आणि पुढचं वाचवेना. ते फोनही घरूनच आले असणार. मी लावला तसेच.

तिथे पहिले दोघे होस्टेलमध्ये सव्वासातला मारले गेले आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला नऊ सव्वीसला. मग पाऊण-एक तासाने नाही, अवघ्या पंधरा मिनिटांत नॉरिस हॉलमध्ये गोळ्या सुरू झाल्या. त्यावरून एवढं रान उठलं, की २००८ साली कायदाच झाला: धोका कळताच कॉलेजने ताबडतोब सगळ्यांना कळवायचं. मनूच्या हातातल्या मोबाइलवर आलेला तो इशारा असा आलेला आहे. त्याच नॉरिस हॉलमध्ये लिविउ लिब्रेस्कू नावाचे ७६ वर्षांचे प्राध्यापक वर्गाचं दार अंगाने दाबून उभे राहिले, पोरं खिडक्यांतून उड्या टाकून वाचली. ते गेले. सोळा वर्षांनी माझी मुलगी टेबल लावून दार धरते, हे मला सहन होत नाही.

मिशिगन स्टेटने नंतर सुमारे १३०० वर्गखोल्यांना कुलपं बसवायचं ठरवलं. मला हा आकडा पाठ झालाय, कारण डिसेंबरात मनू घरी आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने सुतार बोलावला. बाथरूमची कडी वर्षानुवर्षं सैल होती. आम्ही ती उचलून लावायचो, सवय झाली होती. तिने ती बदलून घेतली. मग बेडरूमची. मग स्वयंपाकघराच्या दाराला नवीन बोल्ट. सुतार म्हणाला, "ताई, घरातल्या घरात कशाला?" ती त्याला चहा देऊन म्हणाली, "बसवा तुम्ही." बोल्ट बसल्यावर तिने दार लावलं, कडी सरकवली, दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. मी बाहेरच्या बाजूला उभी होते.

'आपल्याकडे असलं नसतं' असं नातेवाईक म्हणतात. माझी जाऊबाई परवाही म्हणाली. बंदुकीचा परवाना काढताना आपल्याकडे माणसाला आयुक्तालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे खरं आणि त्याचं मोल मला आता कळतं. पण याच महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरला, पोलीस ठाण्यात गोळ्या झाडल्या गेल्या. तिच्याशी वाद घातला नाही, पण मला ते बोलणं आवडलं नाही.

आजपासून मिशिगनमध्ये नवे कायदे लागू झाले. कुठलीही बंदूक घेताना पार्श्वभूमीची तपासणी, घरात लहान मुलं असतील तर बंदूक कुलपात, आणि एखादा माणूस धोकादायक वाटला तर घरच्यांना कोर्टात जाऊन त्याची शस्त्रं काढून घेता येणार. तो मारणारा २०१९ला विनापरवाना पिस्तूल बाळगताना पकडलेला होता. गुन्हा हलका केला गेला, प्रोबेशनची, म्हणजे देखरेखीची, मुदत संपली आणि त्याने पुन्हा पिस्तुलं विकत घेतली, कायद्याने. त्याचे वडील नंतर म्हणाले, की बंदुकीबद्दल विचारलं तर मुलगा 'टाकून दिली' म्हणायचा. तो बापही घरात बसून विचारतच होता. मला त्याचा राग येत नाही.

डिसेंबरात मी मनूला म्हटलं होतं, ती माझ्या फोनची सोय काढून टाक. ती नाही म्हणाली. तेव्हापासून मी आधी मेसेज करते, 'लावू का?' विचारते आणि मगच फोन लावते.

मघाशी तिचाच मेसेज आला. तिकडे सकाळ आहे. संध्याकाळी कॅम्पसवर मेणबत्त्या लावणार आहेत, ती आणि त्या लॅबमधले बाकीचे पाच जण एकत्र जाणार आहेत. खाली लिहिलंय, 'साडेआठला फोन कर. न विचारता कर.'

म्हणजे आपले उद्या सकाळचे सात. पावणेसातचा गजर लावलाय. चार्जर बैठकीत होता, तो उशाशी आणून ठेवलाय.