दसऱ्याचं बुकिंग आणि गायब झालेलं इंजिन

गाडी मिळाली आहे, चालतेही आहे बरी, तेव्हा खरं तर आता गप्प बसायला हवं. पण वागळे इस्टेटमधून जाताना त्या डीलरच्या ऑफिसची पाटी दिसली की अजूनही डोकं सणकतं. ज्यांनी मधल्या आकाराची एखादी एसयूव्ही बुक करून ठेवली आहे आणि ज्यांना शोरूममधून "सर, इंजिनमध्ये थोडा चेंज आहे" असा फोन आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कंपनी कुठली ते सांगत नाही. ऑफिसात दोघांना वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत जवळपास हाच अनुभव आला आहे.

२०२२ च्या दसऱ्याला, ५ ऑक्टोबरला, बुकिंग केलं. डिझेल, मॅन्युअल गिअर, मधलं मॉडेल, पांढरा रंग. पंचवीस हजार भरले, आईने शोरूममधल्याच गाडीला हळद-कुंकू लावलं, फोटो झाले. वेटिंग पाच-सहा महिने सांगितलं होतं. म्हणजे पाडव्याला गाडी दारात, असा आमचा हिशोब.

डिझेलच का, तर गाव संगमेश्वरकडे. वर्षातून पाच-सहा फेऱ्या. जाताना पाच माणसं आणि बॅगा, येताना पाच माणसं, बॅगा, तांदूळ, नारळ आणि मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. जुन्या हॅचबॅकला कशेडी घाट चढवायचा म्हणजे एसी बंद करून, पुढे ट्रक आला की पहिल्या गिअरवर येऊन. डिझेलची ताकद दीड-दोन हजार आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हाताशी येते. साध्या पेट्रोलला त्यासाठी चार हजारांच्या पुढे ओरडावं लागतं. शिवाय तेव्हा पेट्रोल १०६ च्या आसपास होतं आणि डिझेल ९४.

मार्च उजाडला आणि तो फोन आला. थोडा चेंज! आमच्या मॉडेलमधलं डिझेल बंदच झालं होतं. ते आता फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलात मिळणार, अडीच लाख जास्त देऊन. टर्बो पेट्रोलही बंद, त्याच्या जागी नवीन मोठं टर्बो "येणार आहे", कधी आणि कितीला ते कुणालाच माहीत नव्हतं. उरलं होतं ते साधं दीड लिटरचं पेट्रोल.

असं का झालं ते शोरूममध्ये कुणाला धड सांगता आलं नाही. कळव्याच्या आमच्या गॅरेजवाल्या मामांनी सांगितलं, आणि मग मीही शोधून वाचलं. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या सरकारी नियमांचा, दुसरा टप्पा लागू होत होता. २०२० च्या पहिल्या टप्प्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून मोजत. आता गाडीच्या मागे यंत्र बांधून खऱ्या रस्त्यावर मोजायचा. त्याशिवाय धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर नीट काम करतायत का, यावर गाडीनेच चालता चालता लक्ष ठेवायचं. डिझेलची अडचण धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूची. बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅमची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ८० वर आली. ते रस्त्यावरही सांभाळायचं तर सायलेन्सरच्या वाटेवर महागडं सामान बसवावं लागतं आणि तो खर्च छोट्या गाडीच्या किमतीत मावत नाही. मारुतीने २०२० लाच डिझेल सोडलं, होंडाने २०२३ च्या सुरुवातीला. मामा म्हणाले, "तुझ्या कंपनीने निदान वरच्या मॉडेलात तरी ठेवलंय, पाया पड त्यांच्या."

घरी चर्चा अर्ध्या तासात आटोपली. बायको म्हणाली, "गावाला वर्षातून सहा वेळा जातोस, ऐरोलीला रोज." खरंच होतं. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली रोज वीस-वीस मिनिटं रखडणाऱ्या माणसाने डिझेल घेऊ नये, असं मामांचंही मत पडलं. आताच्या डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग वेगात धावावी लागते. कळवा नाक्यावर ती कुठून धावणार? तर साधं पेट्रोल. ठरलं. मला वाटलं, संपलं.

आमचं बुकिंग घेणारा मुलगा एव्हाना नोकरी सोडून गेला होता. नवा मुलगा म्हणाला, "काही नाही सर, फक्त व्हेरिअंट बदलायचा. सिस्टीममध्ये दोन मिनिटांचं काम."

ती दोन मिनिटं १३ मार्चला सुरू झाली आणि ११ एप्रिलला संपली.

शोरूम घोडबंदर रोडला. तिथे काचा, गारवा, कॉफी आणि "बसा ना सर". बुकिंगचं टेबल मात्र वागळे इस्टेटच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. ते टेबल सांभाळणाऱ्या मॅडम सकाळी अकरा ते एक, मग जेवण, मग "बँकेत गेल्यात". पहिल्या खेपेला त्या भेटल्याच नाहीत. दुसऱ्या खेपेला भेटल्या, तर मूळ पावती मागितली, ती माझ्याजवळ होती. पॅनची झेरॉक्स मागितली, ती त्यांच्याच फायलीत होती. बदलाचा अर्ज मागितला, तिथेच उभ्याउभ्या लिहून दिला. सगळं घेऊन त्या म्हणाल्या, "होऊन जाईल, मेसेज येईल."

मेसेज आला नाही. फोन केला की तो मुलगा म्हणायचा, "सर, मॅडमना विचारतो." मॅडमच्या टेबलावरचा फोन वाजत राहायचा.

२२ मार्चला पाडवा. मी सुट्टी टाकून शोरूमला गेलो, म्हटलं आज सगळे असतील. सगळे होतेच. एकामागून एक गाड्यांवरची कापडं निघत होती, नारळ फुटत होते, लिंबं चाकाखाली जात होती, एक आजी स्टिअरिंगवर स्वस्तिक काढत होत्या. मी हातात फाईल घेऊन कोपऱ्यातल्या सोफ्यावर. कुणाच्या तरी नव्या गाडीचा पेढा मलाही मिळाला. त्या दिवशी व्यवस्थापकांनी पहिल्यांदा खरं कारण सांगितलं. आमच्या डिझेलचा कोड कंपनीच्या सिस्टीममधून काढून टाकला होता. कोडच नाही म्हणून बुकिंग निष्क्रिय दिसत होतं. आणि निष्क्रिय बुकिंगमध्ये बदल करता येत नाही.

म्हणजे इंजिन त्यांनी बंद केलं, कोड त्यांनी उडवला, आणि अडकलो मी.

त्यांचा तोडगा ऐका. बुकिंग रद्द करा, पंचवीस हजार पंधरा कामाच्या दिवसांत परत येतील, लगेच नवीन बुकिंग करा. "सेमच आहे ना सर." सेम कसं असेल? नव्या बुकिंगला नवीन तारीख आणि नवीन वेटिंग. दसऱ्यापासूनचे साडेपाच महिने पाण्यात. आणि एप्रिलपासून किंमत वाढणार, हे त्याच माणसाने दहा मिनिटांपूर्वी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं होतं. नवं बुकिंग झालं की त्यांच्या महिन्याच्या आकड्यात एक भर पडते, असा माझा संशय आहे. पुरावा नाही.

इथे माझी चूकही कबूल करतो. मी आवाज चढवला. पाडव्याच्या दिवशी, पेढा खाऊन. उपयोग शून्य झाला. उलट पुढचा आठवडाभर तो मुलगा माझा फोन उचलेना. मार्चअखेर आहे, सगळे बिलिंगमध्ये आहेत, हे उत्तर मला त्या आठवड्यात चार वेळा मिळालं.

एका रात्री बुकिंगचा फॉर्म काढून मागची बारीक छपाई वाचली, मोबाइलचा टॉर्च लावून. किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागेल, असं लिहिलेलं होतं. म्हणजे किमतीवर भांडणं व्यर्थ. कंपनी तांत्रिक बाबींत बदल करू शकते, हेही होतं. पण अशा बदलामुळे गिऱ्हाइकाची बुकिंगची तारीख जाते, असं कुठेही नव्हतं. तेवढा एक धागा मी धरला.

दुसऱ्या दिवशी वागळेला जाऊन शांतपणे म्हणालो, "मॅडम, तारीख कायम ठेवून बदल करता येत नाही, एवढं मला लेटरहेडवर लिहून द्या. मी लगेच रद्द करतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या केबिनकडे बघितलं. लिहून कुणी दिलं नाही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे करता येतं.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल केला. लांबलचक गाऱ्हाणं नाही. पावती क्रमांक, बुकिंगची तारीख, जुनं मॉडेल, हवं असलेलं मॉडेल, मूळ तारीख कायम ठेवावी ही विनंती, होय की नाही ते लेखी कळवा. सोबत पावतीचा आणि बदलाच्या अर्जाचा फोटो. हो, अर्जाच्या माझ्या प्रतीवर दुसऱ्या खेपेलाच पोच घेतली होती, सही आणि शिक्का. वडील रेल्वेत होते. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही, हे आमच्या घरचं वळण. १० एप्रिलला कंपनीच्या एरियाच्या माणसाचा फोन आला, अगदी गोड आवाजात. ११ ला मी वागळेला गेलो, मॅडमनी तोंडातून शब्द न काढता काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. नवं मॉडेल, पेट्रोल, मॅन्युअल. बुकिंगची तारीख ०५-१०-२०२२. खरोखर दोन मिनिटं लागली.

जिना उतरताना मला उगाचच कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं.

बाकीचं सुरळीत. कर्ज बदलायला बँकेने नवीन कोटेशन मागितलं, दिलं, तीन दिवसांत झालं. पण त्या नव्या कोटेशनवरून आठवलं. इंजिन बदललं की कोटेशनमधली प्रत्येक ओळ वाचा. आमची शोरूम किंमत १२ लाख ४० हजार झाली होती, आणि आरटीओ कराच्या ओळीत १ लाख ७३ हजार ६००. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या गाडीला तेव्हा डिझेलवर १४ टक्के कर होता, पेट्रोलवर १२. त्यांनी इंजिन बदललं, कर डिझेलचाच ठेवला. सरळ २४ हजार ८०० जास्त. दाखवल्यावर "अरे हो सर, टेम्प्लेट जुनं आहे" म्हणाले आणि दुरुस्त केलं. चूक असेल, मी काही म्हणत नाही. त्याच कागदावर १ टक्का टीसीएस दिसेल, म्हणजे डीलरने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला इन्कम टॅक्स. दहा लाखांवरच्या गाडीला तो लागतोच, पण इन्कम टॅक्स रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो. पुष्कळ जण विसरतात. मीही विसरलो होतो, सीएने आठवण केली.

विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, नव्या गाडीला बंधनकारक आहे आणि त्याचा दर इंजिनाच्या सीसीवर, म्हणजे आकारावर ठरतो. आमच्या वेळी १५०० पर्यंत १०,६४० होता आणि त्यापुढे एकदम २४,५९६. कागदावर दीड लिटरची इंजिनं १४९७ वगैरे का असतात, याचा थोडा अंदाज इथे येतो.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. कागदपत्रं अडकलेली असतानाच मला पनवेलच्या यार्डात "एक जुनं डिझेल पडलंय" अशी लालूच दाखवली गेली. रंग तपकिरी, आणि ४५ हजारांच्या ॲक्सेसरीज गळ्यात. नवे नियम १ एप्रिलनंतर बनलेल्या गाड्यांना होते, त्यामुळे आधी बनलेली गाडी विकणं गैर नव्हतं. घ्यायची तर घ्या, पण विक्रीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, बघून. त्यात बनावटीचा महिना, वर्ष आणि इंधन लिहिलेलं असतं. मी तपकिरी रंगामुळे वाचलो. एरवी त्या वैतागात घेऊनच टाकली असती.

अक्षय्य तृतीया हुकली. गाडी मेच्या शेवटच्या आठवड्यात आली, एमएच ०४ ची पाटी लावून. पेट्रोलच्या झाकणावर ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालतं असा, स्टिकर होता. मामांनी बॉनेट उघडून नुसतं "हं" केलं.

गणपतीला गावी निघालो. ज्या कशेडीसाठी डिझेल-डिझेल करत होतो, तिथला नवा बोगदा नेमका त्याच वर्षी गणपतीआधी कोकणात जाणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी उघडला होता. घाट चढायचाच राहिला नाही. मी बोगद्यात शिरताना बायकोकडे बघितलंही नाही, तीच हसत होती.

येताना मात्र घाटच. पाच माणसं, तांदळाचं पोतं, अठरा नारळ. पुढे एसटी, दुसरा गिअर, एसी चालू. चढली. मागून आई म्हणाली, "केवढी ओरडते रे ही." मी गाणी जरा मोठी केली.