पराभवानंतर कोणाचे ऐकावे?

नवापूर-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी दिवाळीनंतरचे दिवस मला नेहमीच जोखमीचे वाटतात. कापसाची वेचणी चाललेली असते, कोणाचे पीक साधलेले असते, कोणाचे बोंडअळीने नेलेले असते आणि नेमके याच सुमारास बाहेरगावच्या वक्त्यांच्या सभांचे मंडप उभे राहतात. ज्याचे पीक साधले, तो सहकुटुंब जाऊन गाणी म्हणून परत येतो. ज्याचे गेले, तो पुढच्या रांगेत बसतो, कारण माझेच असे का झाले, या एका प्रश्नाचे उत्तर त्याला हवे असते. अशाच एका सभेत ते उत्तर मंचावरून आले : "देवाच्या घरात बी टाकले नाही, म्हणून शेतात उगवले नाही." पाठोपाठ पाकिटे फिरली. शेजारी बसलेल्या काकूंनी पदराची गाठ सोडली आणि आतली नोट न उलगडता, तशीच चौकोनी घडी, पाकिटात सरकवली.

अपयशातून शिकणे आणि खोट्या शिक्षणापासून सावध राहणे, ही दोन वेगळी कामे आहेत असे आपण धरून चालतो. मला ते एकच काम वाटते. हरलेल्या माणसाला कारण लवकर हवे असते आणि खोटा शिक्षक ते आयते पुरवतो.

या दृष्टीने बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातले ७ ते ९ हे अध्याय सलग वाचावेत. यरीहो नगर इस्राएलाच्या हाती पडल्यानंतर त्यांचे हेर आय नगर पाहून आले आणि म्हणाले की, सगळ्या लोकांना तिकडे कशाला शिणवायचे, दोन-तीन हजार पुरेत. त्या चढाईत इस्राएलाची ३६ माणसे पडली. त्यांचा नेता यहोशवा वस्त्रे फाडून संध्याकाळपर्यंत परमेश्वराच्या कराराच्या कोशासमोर पालथा पडून राहिला. त्यानंतर वंश, मग कूळ, मग घराणे, मग एकेक माणूस अशी चौकशी होत, यरीहोतली वर्ज्य लूट लपवणाऱ्या आखानाचा अपराध उघड झाला. पुढे आय जिंकले गेले. आणि लगेच नवव्या अध्यायात गिबोनकर येतात : पायांत ठिगळाचे जोडे, जुने शिवलेले बुधले, वाळून बुरसलेल्या भाकरी. "आम्ही फार दूर देशाहून आलो, आमच्याशी करार करा," असे ते सांगतात. इस्राएलाचे पुढारी भोळे नव्हते, हे मला विशेष वाटते. "तुम्ही आमच्या शेजारचेच असाल," अशी शंका त्यांनी बोलून दाखवली होती. पण खात्री करून घेतली ती समोरच्यानेच आणलेल्या शिदोरीवरून. परमेश्वराला विचारले नाही, असे १४वे वचन स्पष्ट म्हणते, आणि करार करून टाकला. तीन दिवसांनी कळले की ही माणसे जवळचीच. आयच्या पराभवातून त्यांनी अपराधी शोधायला शिकून घेतले, आधी विचारायला शिकायचे राहून गेले असावे. आपल्या सभांतल्या साक्षींचेही असेच असते. पुरावा वक्त्याचा, साक्षीदार वक्त्याने निवडलेला, आणि आपण भाकरीची बुरशी पाहून करार करून मोकळे होतो.

येथे कोणी म्हणेल की, आखानामुळेच तर पराभव झाला; मग तुमच्या पापामुळे पीक गेले, असे सांगणारा चुकला कुठे? तो चुकला तो एका प्रसंगाचा सरसकट नियम केल्यामुळे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे दगावली, ती इतर यरुशलेमकरांपेक्षा अधिक अपराधी होती का, असे विचारून प्रभू येशूने स्वतःच "नाही" असे उत्तर दिले आणि ऐकणाऱ्यांना त्यांच्या स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवले (लूक १३). जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? तेथेही प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९). आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात हा अध्याय मोठ्याने वाचला पाहिजे, कारण येथे सिकलसेलची मुले घरोघर आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तो रक्तातून येणारा आजार आहे, शाप नव्हे. अशा घरात जाऊन आईबापांचे पाप शोधणारा आणि गोळ्या बंद करायला लावणारा माणूस दुःखी घराला आणखी चिरडतो. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवले. त्याच्या विश्वासात काही खोट होती, असा एक शब्दही तो लिहीत नाही.

राहिला बी पेरण्याचा प्रश्न. जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील, हे वचन (२ करिंथ ९) या सभांत हमखास येते. पण पौल तेथे यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीविषयी लिहीत आहे. ते पैसे वक्त्याचे नव्हते. इतकेच नव्हे, आठव्या अध्यायात मंडळ्यांनी नेमलेला एक भाऊ सोबत पाठवण्याचे कारणही तो देतो : एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आपल्याला कोणी दोष लावू नये. पौल प्रेषित असूनही हिशेबाला साक्षीदार ठेवतो! बोगस बियाण्याचा धसका घेतलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पीक हाती येईपर्यंत पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बी तो जपून ठेवतो. तोच शेतकरी सभेत मात्र ना वचनाचा संदर्भ मागतो, ना हिशेब.

तरीही चुकीचे बोलणारा प्रत्येक जण मेंढराच्या वेषातला लांडगा नसतो, आणि हे विसरल्यामुळे आपल्या मंडळ्या विनाकारण फुटल्या आहेत. पौलाच्या काळचा उपदेशक अपुल्लो विद्वान होता, येशूविषयी नीट शिकवीत असे, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने सभास्थानात त्याचा पाणउतारा केला नाही; त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला आणि त्याने तो ऐकून घेतला. पेत्राचेही तसेच. अंत्युखियात त्याच्या वागण्यात ढोंग आले, तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याला विरोध केला; तरी पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौल "आपला प्रिय बंधू" आहे, आणि लोभापायी बनावट गोष्टी सांगून विश्वासणाऱ्यांवर पैसे कमावणाऱ्यांविषयीचा कडक इशाराही त्याच पत्रात आहे.

म्हणून आमच्या शनिवारच्या वचन-अभ्यासात या हंगामापुरती एक रीत धरली आहे. सभेत ऐकलेले वचन ज्याने त्याने वहीत लिहून आणायचे, मग तो संपूर्ण अध्याय सर्वांनी मिळून वाचायचा, आणि गावातल्या तरुण प्रचारकाच्या बोलण्यात काही खटकले, तर त्याला जेवायला बोलावून विचारायचे. बाहेरच्या वक्त्याला विचारायचे झाल्यास मंडळीतले दोन वडीलधारे सोबत न्यायचे. ज्यांचे पीक गेले आहे, त्यांच्या घरी कोणी जायचे, हेही तेथेच ठरते. शक्यतो सभेचा मंडप उभा राहण्याआधी.