न्हाणाच्या सोहळ्यातलं काय ठेवायचं?

मुलीला पहिलं न्हाण आलं, म्हणजे पहिली पाळी आली, की पुढचे दिवस कसे जायचे, हे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत एकेकाळी पक्कं ठरलेलं असे. तीन दिवस मुलगी बाजूला. दागिने घालून तिला मखरात बसवायचं, नात्यातल्या आणि शेजारच्या बायका ओटी भरायला येणार, गाणी म्हणणार. चौथ्या दिवशी न्हाऊ घालायचं आणि मग मुहूर्त पाहून ऋतुशांती व गर्भाधान, म्हणजे नवऱ्याशी पहिल्या संबंधाचा संस्कार, कारण लग्न आधीच झालेलं असे. मनुस्मृतीने पाळीपासून संबंधासाठी ऋतूच्या 16 रात्री मोजल्या आहेत; त्यातल्या पहिल्या चार, अकरावी आणि तेरावी वर्ज्य. फुलांनी मढवलेल्या त्या मखरामागे असा रोकडा हिशेब होता.

म्हणून तर 1891 साली संमतिवय, म्हणजे मुलीशी संबंध ठेवण्यासाठीचं किमान वय, 10 वरून 12 वर्षांवर नेणारा कायदा आला तेव्हा गर्भाधान हाच वादाचा मुद्दा झाला. बाराच्या आत न्हाण आलं तर संस्कार चुकेल, अशी विरोधकांची तक्रार होती. पुढे 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं वय 14 केलं आणि 1978 मध्ये ते 18 झालं. लग्न न्हाणाच्या पुढे सरकलं तसा मखराचा आधारच गेला.

तमिळनाडूत मात्र 'मंजळ नीराट्टु विळा', म्हणजे हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालायचा सोहळा, अजून जोरात आहे, कारण तिथे मान मामाचा असतो. जुन्या पद्धतीत मामा ओल्या झावळ्यांची खोपी बांधून देतो आणि मुलगी काही दिवस तिथे राहते. वेगळं ताट, वेगळी चटई. उडदाच्या पिठाची, गूळ आणि तिळाचं तेल घालून केलेली 'कळी' खायला देतात, पुष्कळ घरांत कच्चं अंडंही. शेवटी हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालतात आणि मामाने आणलेली साडी नेसवून, ओवाळून तिला पाहुण्यांसमोर बसवतात. पूर्वी याचा अर्थ सरळ होता: मुलगी लग्नाची झाली, आणि मामाच्या घरचा तिच्यावर पहिला हक्क. आता कार्यालय, फोटो आणि मुलीचा चेहरा असलेले फलक. हे मला सगळ्यात खटकतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची पाळी चौकात जाहीर होते आणि सोमवारी तिला त्याच वर्गात जाऊन बसायचं असतं.

बिघडतं कुठे, तेही पाहू. खोपी ही नुसती मानहानीची गोष्ट नाही. 2018 च्या गज चक्रीवादळात तंजावूर जिल्ह्यात अशा खोपीत वेगळ्या ठेवलेल्या मुलीवर नारळाचं झाड कोसळलं आणि ती गेली. गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या वस्त्यांमधल्या कुर्माघरांत, म्हणजे पाळीच्या दिवसांसाठीच्या वेगळ्या झोपड्यांतही, बाईला एकटं ठेवणं हाच धोका आहे. साप चावला किंवा रक्तस्राव वाढला तर हाक ऐकायला कोणी जवळ नसतं. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, ते उकडूनच द्यावं. उडीद, तीळ, गूळ हा खुराक चांगलाच, पण रक्त कमी असेल तर तेवढ्याने भागत नाही, हिमोग्लोबिन तपासावं. आणि तारीख! पहिली एक-दोन वर्षं पाळीचं अंतर 21 ते 45 दिवसांत कुठेही पडू शकतं, अधूनमधून एखादा महिना चुकतोही. महिनाभर पुढचं कार्यालय ठरवलं तर दुसरी पाळी नेमकी त्याच दिवशी दारात उभी राहू शकते. तेव्हा कार्य निभावून नेण्यासाठी पाळी लांबवायच्या गोळ्या मुलीला देऊ नयेत. तारीख बदलावी.

याच्या अगदी उलट रीत अमेरिकेतल्या नवाहो लोकांची. त्यांचा 'किनाल्डा' चार दिवस चालतो आणि मुलीला बसू देत नाही. ती रोज पूर्वेकडे धावते, दर खेपेला आधीपेक्षा लांब. मागून धावणाऱ्यांनी तिला ओलांडायचं नाही. मका दळण्यातही तिचा हात असतो. जमिनीत खड्डा खणून आत जाळ करतात, तो तापला की निखारे काढून मक्याची सालं अंथरतात, वर मक्याचं पातळ पीठ ओततात, झाकून पुन्हा विस्तव ठेवतात. रात्रभर केक भाजत असतो आणि आत घरात पहाटेपर्यंत गाणी चालतात. सकाळी युक्का वनस्पतीच्या फेसाने तिचे केस धुतात आणि ती शेवटची धाव घेते. केक ती सगळ्यांना वाटते, स्वतः मात्र खात नाही. एक जाणती बाई तिचं अंग चोळते, जणू नव्याने घडवते. ही बाई निवडताना तिचा स्वभाव आणि कष्टाळूपणा पाहतात, कारण तिचे गुण मुलीत उतरतात असा समज आहे. आमच्याकडे सवाष्ण आहे एवढंच पाहिलं जाई.

तेव्हा घरी काही करायचंच असेल तर आधी मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला. हो म्हणाली तर तेल लावून न्हाऊ घालणं, तिच्या आवडीचं जेवण आणि तिनेच निवडलेल्या चार-पाच बायका पुरेत. त्यात विधवा आत्या असेल तर तिलाही ओवाळू द्या. पैसे गोळा होणार असतील तर मुलीच्या नावाने खात्यात टाका.

त्या बायकांनी गाण्यांच्या जोडीला कामाचंही सांगावं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचं, आडोशाला नाही. तारीख वहीत लिहायची. रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे गेला, दर एक-दोन तासांनी पॅड भिजू लागलं किंवा तीन महिने पाळी आलीच नाही, तर डॉक्टरकडे जायचं. दप्तरात दोन पॅड आणि एक जास्तीची चड्डी कायम. वडिलांना आणि भावालाही पॅड कुठे ठेवलेत ते माहीत असू द्या. रात्री दहाला आणायला पळायची वेळ आली तर बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी जाणार असतं.