टी६१ वर एक्सपी : ड्रायव्हर आणि देवनागरी, दोन्ही सीडीतच

नमस्कार मंडळी,

थिंकपॅड टी६१ या लॅपटॉपसाठी मी बांधत असलेली विंडोज एक्सपीची इन्स्टॉल सीडी जवळपास हवी तशी झाली आहे. हे मशीन इंटरनेटला लावणार नाही (एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय). जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत टाइप केलेला मराठी मजकूर उघडून तो सोडवून घ्यायला ते हवंय. सीडी घातली की हार्ड डिस्कपासून देवनागरीपर्यंत सगळं आपलं आपण बसलं पाहिजे, एवढा हट्ट आहे.

माझं आता ठाम मत झालंय : फाइल सेटअपला (एक्सपी बसवणाऱ्या प्रोग्रॅमला) कुठल्या टप्प्यात लागते ते आधी बघा, मग तिची जागा आपोआप ठरते. मिळतील ते सगळे ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणाऱ्या फाइली) एका फोल्डरात कोंबून काही साधत नाही.

सगळ्यात आधी डिस्क. एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा (साटा डिस्कशी बोलायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर नाही. टी६१ मध्ये इंटेलची आयसीएच८-एम ही डिस्क सांभाळणारी चिप आहे, त्यामुळे बायोसमध्ये एएचसीआय चालू ठेवलं की निळ्या टेक्स्ट पडद्यावरच गाडी अडते. सेटअपच्या सुरुवातीला एफ६ दाबून ड्रायव्हरची फ्लॉपी द्यावी, तर या लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्हच नाही. म्हणून इंटेलच्या एफ६ पॅकेजमधली आयएस्टोर.सिस मेककॅबने (फाइली दाबायच्या कमांडने) दाबून सीडीवरच्या आय३८६ या सेटअपच्या फोल्डरात टाकली आणि टेक्स्टसेटअप.सिफ या टेक्स्ट टप्प्याच्या फाइलीत चार ठिकाणी नोंद केली : फाइलींची यादी, हार्डवेअर आयडी, ‘स्कझी.लोड’ आणि ‘स्कझी’. आयडीत वेंडर ८०८६, डिव्हाइस २८२९, शेवटी सीसी_०१०६. टी६० वाल्यांनी २८२९ च्या जागी २७सी५ घाला. एनलाइट हा सीडी बदलायचा प्रोग्रॅम हे सगळं चार क्लिकमध्ये करतो, पण एकदा तरी हाताने कराच. पुढे काही अडलं तर नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

आणि एक सुंदर योगायोग : व्हर्च्युअलबॉक्सचा (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) साटा कंट्रोलर हाच आयसीएच८-एम असल्याचं भासवतो, आयडीही तोच २८२९. त्यामुळे डिस्कचा भाग सीडी न जाळता, नुसत्या आयएसओवर (सीडीच्या प्रतिमा-फाइलवर) तपासता आला. पार्टिशनच्या यादीत व्हर्च्युअल डिस्क दिसली तेव्हा फार बरं वाटलं!

लॅनचा ड्रायव्हर मात्र ग्राफिकल टप्प्यात लागतो. तो $ओईएम$ फोल्डरातल्या $१ मध्ये ठेवला, म्हणजे सेटअप तो सी ड्राइव्हवर उतरवतो. सीडीवर $ओईएम$ हे आय३८६ च्या शेजारी हवं, आत नाही. मग विननट.सिफ मध्ये (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवायच्या फाइलीत) ‘ओईएमप्रीइन्स्टॉल’ला येस आणि ‘ओईएमपीएनपीड्रायव्हर्सपाथ’मध्ये फोल्डरांचे पत्ते, मधे अर्धविराम, ड्राइव्हचं अक्षर न लिहिता. इथे बारकाईने बघा : सेटअप पोटफोल्डर धुंडाळत नाही. आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) ज्या फोल्डरात आहे त्याचाच पूर्ण पत्ता लागतो. निर्मात्याची सेटअप.एक्सई इथे उपयोगाची नाही. ती उलगडून आयएनएफ, सिस आणि कॅट या फाइली बाहेर काढा. वायफाय मुद्दाम वगळलं. घरातल्या नेटवर्कवरून फाइली आणायला केबल पुरते.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग, देवनागरी. एक्सपीत भारतीय लिप्यांच्या फाइली ऐच्छिक आहेत. त्या आय३८६ मधल्या लँग फोल्डरात असतात, आणि सीडी हलकी करायच्या नादात बरेच जण तोच उडवतात. तो ठेवा! विननट.सिफ च्या ‘रीजनलसेटिंग्ज’ विभागात लँग्वेजग्रुप १५ लिहिलं की भारतीय भाषांचा आधार सेटअपमध्येच बसतो. इंग्रजीसाठी १ हाही सोबत ठेवलाय. मराठीचा कोड ०४४ई, तो इनपुट लोकेलमध्ये घातला की कळफलकही तयार. पहिल्या लॉगिनला नोटपॅड उघडून ‘ज्ञानेश्वरी’ लिहिलं. ज्ञ जुळलेला, श्व जुळलेला, रकार वेलांटीसकट जागच्या जागी. कंट्रोल पॅनेलमध्ये जावंच लागलं नाही.

रजिस्ट्रीतले (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातले) बारीक बदल सीएमडीलाइन्स.टीएक्सटी या कमांडच्या यादीतून केलेत. ती सेटअपच्या अखेरीस, लॉगिनच्या आधी चालते, त्यामुळे युजरचे बदल डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये जातात आणि पुढे तयार होणाऱ्या प्रत्येक खात्याला मिळतात.

आता उरलंय ते ग्राफिक्स. माझ्या टी६१ मध्ये इंटेलचंच आहे. त्याचं आयएनएफ काढून ठेवलंय. पुढची आयएसओ त्यासकट बांधतो.