काट्यावरचे अडीचशे

गाडी घेतली तेव्हा किल्ली हातात ठेवताना मागचा मालक म्हणाला होता, "अडीचशे मी स्वतः बघितलेत हिच्यावर." गाडी दोन सीटची, २ लिटर इंजिनची, १७० च्या आसपास अश्वशक्तीची. माहितीपत्रकात कमाल वेग छापलाय ताशी २३२ किलोमीटर. माणूस थापाड्या वाटत नव्हता. सर्व्हिसची एकूण एक पावती त्यानं फाइलला लावून दिली होती. पण हे वरचे १८ किलोमीटर आले कुठून, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रस्त्यावर करून बघायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. त्यामुळे सुरुवात झाली ती कागद, खडू आणि मोजपट्टीनं.

आधी काट्याचंच बघू. स्पीडोमीटर जास्त वेग दाखवतो हे सगळ्यांनाच ऐकून माहीत असतं, पण तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. बऱ्याच देशांत चालणारा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्यानं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४ किलोमीटर, इथपर्यंत माफ. म्हणजे खरे २०० असताना २२४ दाखवणारा काटाही नियमात बसतो. त्यात टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं आणि काटा आणखी पुढे सरकतो.

म्हणून टायर मोजला. बाहेरच्या कडेला आणि खाली जमिनीवर खडूची एकेक रेघ मारली, मी आत बसलो आणि मित्रानं गाडी ढकलली. चाकाच्या पाच फेऱ्या भरल्या तेव्हा अंतर आलं ९.७० मीटर, म्हणजे एका फेरीला १.९४. टायरवर छापलेल्या मापावरून हिशोब केला तर आकडा जास्त येतो, कारण वजनानं टायर खाली थोडा दबतो. मित्र चांगलाच घामाघूम झाला होता. "मोबाइलवर जीपीएस बघून झालं नसतं का हे?" असं त्यानं विचारलं. त्या वेळी मी उत्तर द्यायचं टाळलं.

आता गिअर. शेवटचं गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्स आणि चाकं यांच्यामधलं, ३.६०; पाचव्या गिअरचं ०.९७, सहाव्याचं ०.८०. लाल रेघ, म्हणजे इंजिनाची मर्यादा, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांना. हिशोब सोपा आहे: मिनिटाच्या फेऱ्या गुणिले ६०, गुणिले टायरचा घेर, भागिले दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार; येणाऱ्या मीटरांचे किलोमीटर करायचे. पाचव्यात येतात बरोबर २४० आणि सहाव्यात २९१. हा २९१ बघून क्षणभर हुरळून जायला होतं. पण गिअर फक्त इतकंच सांगतो की एवढ्या फेऱ्या झाल्या तर एवढा वेग होईल. तेवढ्या फेऱ्या होऊ द्यायच्या की नाही, ते हवा ठरवते.

हवेचा हिशोब निर्दयी आहे. वेग वाढला की हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो रेटा ढकलायला लागणारी ताकद घनानं. टायरांचा घर्षणविरोध त्यात मिळवूनही, माझ्यासारख्या गाडीला २३० वरून २५० वर जायला पाव पटीनं जास्त ताकद हवी. एवढी अश्वशक्ती काही एअर फिल्टर बदलून येत नाही. म्हणजे कागदावर तरी मागचा मालक हरला होता. पण कागदावर हरवण्यात मजा नाही.

वाहनचाचणीचं एक मैदान काही दिवस खासगी गाड्यांना खुलं असतं. साडेचार किलोमीटरच्या समोरासमोर दोन सरळ पट्ट्या आणि दोन्ही टोकांना कललेली वळणं, असा लांबट ट्रॅक. नाव नोंदवलं आणि अर्जातल्या टायरच्या रकान्यापाशीच अडकलो. माझ्या टायरांवर वेगाची खूण डब्ल्यू होती, म्हणजे २७० पर्यंत चालणारे. ते ठीक होतं. पण बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. त्या हिशोबानं टायर आठ वर्षांचे निघाले. नक्षी वरवर ठीक दिसत होती, रबर मात्र नखाला दगडासारखं लागत होतं. आठ वर्षांच्या रबरावर त्या वेगानं जायची माझी तयारी नव्हती. चारही बदलले. नव्यांची नक्षी साधारण ५ मिलिमीटरनं खोल, त्यामुळे एका फेरीचं अंतर वाढलं असणार म्हणून पुन्हा खडू घेऊन बसलो. वर दिलेले ९.७० आणि १.९४ हे आकडे खरं तर या दुसऱ्या, नव्या टायरांच्या मापाचे; जुन्यांवर १.९१ भरलं होतं आणि वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. मित्राला मी दोनदा ढकलायला लावलं होतं, हे तो मला विसरू देत नाही.

मैदानावर आधी तपासणी: चाकांचे नट, ब्रेकचं तेल, हेल्मेट, गाडीत सुटं काही आहे का. माझ्या सीटखालून पाण्याची बाटली निघाली. ताशी २०० ला ती ब्रेकच्या पेडलखाली गेली असती तर काय झालं असतं, हे मार्शलनं काही न बोलता नुसतं माझ्याकडे बघून सांगितलं.

मोजायला काचेवर चिकटवलेला जीपीएस लॉगर होता, सेकंदाला दहा नोंदी घेणारा. चांगला लॉगर दोन ठिकाणांमधलं अंतर भागून वेग काढत नाही. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता आपल्या गतीमुळे किती बदलली यावरून तो वेग काढतो, म्हणून आकडा इतका नेमका येतो. टायरचा, गिअरचा, काट्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पहिली फेरी सहाव्यात घेतली. वळणातून १६० नं बाहेर आलो, पाय जमिनीला टेकवला. २०० पर्यंत सगळं झपाट्यानं झालं आणि मग गाडी जणू पाण्यात शिरली. आवाज तोच, पाय तिथेच, आकडा मात्र रांगतोय: २१८, २१९... २२१ ला जो थांबला तो थांबलाच. फेऱ्या होत्या साडेपाच हजारांच्या आसपास. इंजिनाची पूर्ण ताकद येते ६,८०० ला, आणि सहाव्यात ते तिथपर्यंत पोचतच नव्हतं. सहावा गिअर लांबच्या प्रवासात पेट्रोल वाचवायला दिलेला आहे. कमाल वेग पाचव्यात असतो, हे कागदावर मांडूनसुद्धा मी पहिली फेरी सहाव्यात वाया घालवली, कारण शेवटचा गिअर म्हणजे सगळ्यात वेगवान हे डोक्यात लहानपणापासून बसलेलं.

पाचव्यात मात्र गोष्ट वेगळी होती. २२० नंतरचा प्रत्येक किलोमीटर मोजून घ्यावा लागत होता. शेवटचे सात-आठ वाढायला वीसेक सेकंद लागले आणि तेवढ्यात सव्वा किलोमीटर ट्रॅक संपला. स्टिअरिंग हातात हलकं होत गेलं. छताच्या रबरातून शीळ येत होती. ब्रेकची खूण दिसली तेव्हा लॉगरवर २३४.१ होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून काटा दिसला: २४९. अडीचशेला केसभर कमी!

मी उड्या मारायच्या बेतात होतो, पण समोरच्या पट्टीवर उलट दिशेनं तेच करायचं बाकी होतं. विक्रमांचाही हाच रिवाज आहे. बुगाटी वेरॉन सुपर स्पोर्टनं २०१० मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या ट्रॅकवर एका दिशेला ४२७.९३३ आणि दुसऱ्या दिशेला ४३४.२११ काढले, आणि नोंद झाली ती सरासरीची, ४३१.०७२. उलट दिशेला माझे आले २२४.६. वारा होता फक्त ताशी सात-आठ किलोमीटर, शर्टाची कॉलर हलेल एवढा, आणि त्यानं दोन दिशांत साडेनऊ किलोमीटरचा फरक पाडला. आणखी एकेक फेरी घेतली तरी आकडे अर्ध्या किलोमीटरच्या आतच राहिले.

सरासरी २२९.३५. गिअरच्या सूत्रात घातली तर फेऱ्या येतात ६,८८०, म्हणजे पूर्ण ताकदीच्या अगदी शेजारी. मोजपट्टी आणि उपग्रह एकमेकांना दुजोरा देत होते. माहितीपत्रकापेक्षा पावणेतीन किलोमीटर कमी. इतक्या वर्षांच्या इंजिनाकडून याहून जास्त मागणं बरं नव्हे.

घरी येऊन मागच्या मालकाचा आकडा उलटा सोडवला. माझा काटा साडेसहा टक्के पुढे. त्याचे टायर झिजलेले, म्हणून आणखी दीड टक्का. त्याच्या २५० चे खरे होतात २३१ आणि जरा पाठीवरचा वारा. म्हणजे त्यानं जे पाहिलं ते खरोखरच पाहिलं होतं.

फोन करून त्याला सगळं सांगितलं: खडू, वारा, दोन दिशा, २२९.३५. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि काटा किती दाखवत होता?"

"२४९."

"नीट दाबली नसशील," तो म्हणाला.