विकून का टाकत नाही?

लग्नाच्या पंगतीत, बँकेत, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात भाजी निवडतानाही हा प्रश्न मला विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने प्लॉटचा चालू भाव आधीच काढून ठेवलेला असतो. कुळागराचा, म्हणजे आमच्या पोफळी आणि मसाल्याच्या झाडांच्या बागेचा, हिशेब मलाही कळतो. पोफळ लावल्यावर पहिली सुपारी यायला ५ ते ६ वर्षे जातात; पावसाळ्याआधी आणि पुन्हा साधारण ४० दिवसांनी बोर्डो मिश्रण फवारले नाही, तर कोळेरोगाने कोवळ्या सुपाऱ्या गळतात. झाडावर चढणारा माणूस मिळणे, हा तर स्वतंत्र विषय आहे.

पण सर्वांत मोठे नुकसान रोगाने केले नाही, मी केले. आमच्या उतारावरच्या प्रत्येक टप्प्याला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, आहे, कोरडा रचलेला. वरून तिसऱ्या गडग्याला पोट आले, तेव्हा मी तो उतरवून सिमेंटमध्ये बांधून घेतला. आमचे म्हातारे पाडेली, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारे, बाजूला उभे होते. "उदकाक वाट दवरात, भाटकार," एवढेच ते म्हणाले; पाण्याला वाट ठेवा, मालक. मी अभियांत्रिकी शिकलेला, हसलो. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला. जुन्या गडग्याच्या फटींतून जे पाणी झिरपून खालच्या पाटात गेले असते, ते भिंतीमागे साठत राहिले, माती जड झाली आणि पहाटे ती भिंत अखंडच्या अखंड पुढे कोसळली. चौदा पोफळी आडव्या झाल्या. आजोबांच्या वेळचे जायफळ मुळांसकट उलटले होते आणि त्याच्या उकललेल्या पिवळ्या फळांतून लाल जायपत्री दिसत होती. पाडेलींनी ती फळे पंचात गोळा करून घरी आणून दिली. मी त्यांना दिवसाची मजुरी दिली. ती त्यांनी मोजून घेतली.

तेव्हाच विकायला हवे होते, हे मान्य. गोव्याच्या कायद्याप्रमाणे बहिणींचाही वाटा सारखा, भावोजींच्याही सह्या लागतात, असे मी लोकांना सांगतो. ते खरे आहे. मात्र गेल्या वर्षी सगळे सही करायला तयार होते, आणि कागद कपाटात ठेवले ते मीच. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. निष्ठा म्हणावे, तर निष्ठावान माणसाने पाडेलींचे ऐकले असते.

गडगा आता पुन्हा कोरडा रचला आहे. घराच्या मातीच्या भिंतींवर मात्र पहिल्याच वर्षी मी मारून घेतलेले सिमेंटचे प्लास्टर अजून आहे. राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या चौकाच्या, बाजूला ते ठोकले की पोकळ वाजते. आत ओल धरली आहे. काढले तर मागची माती सोबत येईल की राहील, हे काढल्याशिवाय कळणार नाही. पाऊस ओसरला की एक कोपरा उकरून पाहणार आहे.